उपटणारे हात पापी, मग लावणारे?



गेल्या रविवारी वेताळ टेकडीवरून उतरले, घरी आंघोळ केली आणि मंदिरात गेले. नखांतला हिरवा रंग काही निघाला नव्हता. स्वाध्यायाला बसलेल्या एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, कांदा-बटाटा खात नाहीस आणि चातुर्मासात हिरवी झाडं मुळासकट उपटतेस?" बाकीच्या हसल्या. मंदिरात वाद नको म्हणून मी गप्प बसले. इथे मात्र बसणार नाही.

काकूंचा प्रश्न खरा आहे. वनस्पती एकेंद्रिय जीव, उपटली की मरते. "परदेशी आहे, मग पाप कसलं?" असं आमच्यातले काही स्वयंसेवक म्हणतात, ते मला पटत नाही. कर्मबंध कुणाचं मूळ गाव विचारत नाही. विनाकारण एक पान तोडलं तरी तो अनर्थदंड. पण गृहस्थाला स्थावर हिंसा पूर्ण सुटत नाही, ती गरजेपुरती ठेवायची असते. तेव्हा इथे गरज आहे का, एवढंच बघायचं.

आम्ही उपटतो ते कॉसमॉस. भाद्रपदात टेकडीवर पिवळी-केशरी फुलं पसरतात आणि आपण तिथे फोटो काढतो, तेच. मूळचं मेक्सिकोकडचं, आपल्याकडे बागेच्या हौसेनं आलं. पावसात कमरेपर्यंत वाढतं आणि खालच्या बुटक्या गवताला ऊन मिळू देत नाही. दिवाळीनंतर ते आपोआप वाळून मरतंच, पण मरण्याआधी ढीगभर बी टाकून जातं. म्हणून फुलं यायच्या आत, माती ओली असताना उपटायचं. पान उलटून किडा-कोळी बघायचा, असला तर शेजारच्या झुडपावर सोडायचा, मगच ओढायचं.

आणि त्याच्याखाली गुदमरतं कोण? कळलावी, मुसळी, रानहळद, जमिनीवरच्या आमऱ्या. यातल्या बहुतेकींचा जीव आठ महिने मातीखालच्या कंदात असतो आणि चार महिन्यांच्या पावसात पुढच्या वर्षाची शिदोरी साठवतो. त्या चार महिन्यांत ऊनच मिळालं नाही तर कंद सुकत जातो. आपण ताटात कंद येऊ देत नाही, फार चांगलं करतो. टेकडीवरचे कंद मात्र आपल्या हौसेच्या फुलांखाली मरू द्यायचे?

ज्यांच्या गॅलरीत कढीपत्ता आहे त्यांनी त्यावरचा हिरवा सुरवंट पाहिला असेल. त्याला उचलून मोगऱ्यावर ठेवा, उपाशी मरेल. त्याचं तोंड कढीपत्ता, लिंबू, बेल याच कुळाला चालतं. टेकडीवरच्या कितीतरी किड्यांचं असंच ठरलेलं ताट असतं. ते ताटच नाहीसं झालं तर ते त्रस जीवही जातात. कुणी मारताना दिसत नाही, म्हणून आपल्याला ती हिंसा वाटत नाही, इतकंच.

बरं, हा प्रश्न मलाच का? पंचकल्याणकाच्या मंडपाला टेंपोभर फुलं येतात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात, तेव्हा कुणी विचारलं नाही. रोज कोथिंबिरीची जुडी निवडताना विचारत नाही. आणि दोन वर्षांपूर्वी आपल्याच महिला मंडळानं जीवदया म्हणून त्या टेकडीवर गुलमोहराची रोपं लावली. गुलमोहर मादागास्करचा, आणि जागा उघड्या गवताची. खड्डे खणताना किती मुसळीचे कंद फुटले असतील? मीही होते त्यात, केशरी साडी नेसून फोटोत पहिल्या रांगेत. त्या दिवशी सगळ्यांनी अनुमोदना केली. लावलं की पुण्य आणि उपटलं की पाप, इतका सोपा हिशेब कोणत्या शास्त्रात आहे, ते काकूंनी मला दाखवावं.

मी उपटते आणि संध्याकाळी प्रतिक्रमणात आलोचनाही करते. दोन्ही करते. "आपण हात लावायला नको" म्हणणं सोपं आहे, पण ते बी टेकडीवर वाऱ्यानं मेक्सिकोहून आलेलं नाही. माणसाच्या हातानंच आलंय.

येत्या रविवारी चतुर्दशी आहे, म्हणून मी जाणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी जाईन. काकू, तुम्हीही या. काही उपटू नका, फक्त सोबत बसा आणि मी उपटलेल्या जागेत खाली काय आहे ते बघा. येताना पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला, डास फार आहेत.