धुके पंजाबात, मुक्काम दौंडात

हिवाळा लागला की दौंडच्या फलाटावर एक युक्तिवाद दरवर्षी ऐकू येतो. उत्तरेकडची गाडी पाच-सहा तास मागे असते, चौकशीच्या खिडकीशी कोणीतरी आवाज चढवतो आणि बाकावरचे एखादे समंजस गृहस्थ त्याला आवरतात, "अहो, तिकडं धुकं आहे. निसर्गापुढं रेल्वे काय करणार?" यावर कोणालाच बोलता येत नाही. युक्तिवाद सभ्य आहे आणि निम्मा खराही आहे. घोटाळा उरलेल्या निम्म्यात आहे.

खरा भाग आधी मान्य करू. भूमध्य समुद्राकडून निघणारे पश्चिमी झंझावात हिवाळ्यात उत्तर भारतावर येऊन थडकतात. हिमालयात बर्फ पडते, पंजाब-हरियाणात पाऊस. झंझावात पुढे सरकला की मागे जमिनीत ओल राहते, आभाळ निवळते, वारा पडतो, रात्र गारठते आणि गंगेच्या मैदानात धुके बसते. कधी कधी ते दुपारपर्यंत हलत नाही. २ जानेवारी २०१० रोजी कानपूरजवळ पनकी येथे अशाच दाट धुक्यात गोरखधाम एक्स्प्रेस पुढच्या प्रयागराज एक्स्प्रेसवर मागून आदळली आणि माणसे दगावली. त्यामुळे धुक्यात गाडी दामटा, असे कोणताही शहाणा प्रवासी म्हणणार नाही. धुक्यात गाडीने ताशी ६० किलोमीटरची मर्यादा पाळायची आणि इंजिनात पुढच्या सिग्नलची आधी सूचना देणारे फॉगपास यंत्र असेल तर ७५ची, हा नियम योग्यच आहे. उशीर झाला ही तक्रारच नाही.

तक्रार वेगळी आहे. धुके अंबाल्याला असते, प्रयागराजला असते, दौंडला नसते. दौंडला असते ती फक्त त्या धुक्याची थकबाकी, आणि ती येऊन पोचायला चांगला एक दिवस लागतो. त्या एका दिवसात प्रवाशाला कोणी काही सांगत नाही. हे मौन पश्चिमी झंझावातांच्या खाती कसे टाकता येईल?

हा हिशेब कारेगावातून पाहिला की नीट उमगतो. शिरूर तालुक्यात आजही रेल्वेचा रूळ नाही. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला खेटून असलेल्या कारेगावात उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातून आलेले कामगार खोल्या करून राहतात. गावी जायचे तर पुणे गाठा, अहिल्यानगर गाठा, नाहीतर न्हावऱ्यावरून दौंड. १८७८ साली सुरू झालेल्या दौंड-मनमाड मार्गामुळे दौंड हे दक्षिणेतून उत्तरेत जाण्याचे दार झाले. बंगळुरूहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस, पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम, वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस, पुणे-दानापूर, सगळ्यांची वाट याच मार्गाने. गाडी रात्रीची असली तरी कारेगावचा माणूस संध्याकाळीच निघतो. एसटी तिच्या वेळेला जाते, गाडीच्या नाही. बायको, दोन लहान मुले, गोणपाटात बांधलेले सामान घेऊन दौंडला उतरल्यावर त्याला कळते की गाडी पहाटे येणार. पहाट झाली की कळते, सकाळी नऊला. जानेवारीतल्या भीमाकाठच्या थंडीत ही रात्र फलाटावर काढायची. दुपारीच कळले असते तर तो आपल्या खोलीत निजला असता.

दुपारी कळणे शक्य होते का? होते, आणि इथेच "निसर्गापुढं काय करणार" या म्हणण्याचा पाया निसटतो. पुण्याहून सुटणारी झेलम पुण्यात उगवत नाही. जम्मूहून आलेला रेक, म्हणजे डब्यांची जोडलेली माळ, घोरपडीच्या यार्डात जातो, तिथे धुतला-तपासला जातो, त्यात पाणी भरले जाते आणि तो पुन्हा उत्तरेला निघतो. येणारी गाडी आदल्या रात्री लुधियाना-अंबाल्याच्या पट्ट्यात अडकली, तर ती पुण्याला किती वाजता टेकेल याचा अंदाज नियंत्रण कक्षाला दुसऱ्या दिवशी सकाळीच असतो. त्यात देखभालीचे तास मिळवले की सुटण्याची वेळ मिळते. ही साधी बेरीज आहे, त्याला भविष्य सांगणे म्हणत नाहीत. तरीही "गाडी उशिराने सुटेल" हा निरोप बऱ्याचदा प्रवासी घरातून निघून गेल्यावर येतो आणि तोही तासा-तासाच्या हप्त्यांनी.

उलट इंजिनात पाहा. २०२३-२४च्या हिवाळ्यासाठी रेल्वेने १९,७४२ फॉगपास यंत्रे उपलब्ध करून दिली. जीपीएसवर चालणारे हे यंत्र लोको पायलटला पुढे येणाऱ्या तीन खुणा, म्हणजे सिग्नल, फाटक वगैरे, त्यांच्या अंतरासह दाखवते आणि सुमारे ५०० मीटर आधी बोलून सावध करते. त्याआधी रुळावर फटाके लावून आणि सिग्नल-खुणेपाशी चुन्याचे पट्टे मारून हेच काम चाले. रुळावरचा फटाका तर १८४१पासूनचा शोध आहे. दिसत नाही त्याला आधी सांगावे, हे तत्त्व रेल्वेला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. ते इंजिनाच्या मागे जोडलेल्या डब्यांपर्यंत पोचत नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा असतो : आता मोबाईलवर सगळे दिसते, फलाटावर कोण विचारतो? मोबाईलमुळे सोय झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ॲप सांगते ते गाडी कुठे आहे एवढेच. ती तिथे का थांबली, पुढे कोणत्या मार्गाने येणार, मधेच संपवणार का, हे कोणीतरी ठरवावे लागते आणि ठरवलेले भरावे लागते. एसएमएस जातो तिकिटावरच्या क्रमांकाला. तिकीट दलालाने काढले असेल तर क्रमांकही बहुधा दलालाचाच. जनरलच्या तिकिटाला तर क्रमांकच नसतो. शिवाय दौंडमध्ये स्थानके दोन : जुने जंक्शन आणि अलीकडची कॉर्ड लाइन. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. कॉर्ड लाइनने तो वेळ वाचवला, चांगलेच झाले. मात्र मोबाईलवर "दौंड" एवढेच वाचून जंक्शनवर जाऊन बसलेल्या प्रवाशाला दुसऱ्या स्थानकाची वाट दाखवायला शेवटी माणूसच लागतो.

आणि माहिती भरणाऱ्या यंत्रणेचाच आपसात मेळ नसेल तर काय होते, ते मनमाडने २७ जुलै २०२३ रोजी पाहिले. त्या दिवशी गोवा एक्स्प्रेस बेळगाव-मिरज-दौंड हा नेहमीचा मार्ग सोडून रोहा-कल्याण-नाशिक रोड अशी वळवली होती. मनमाडची तिची वेळ सकाळी १० वाजून ३५ मिनिटांची. ती आली ९ वाजून ५ मिनिटांनी आणि पाच मिनिटांत निघूनही गेली. ४५ प्रवासी मागे राहिले. मग गीतांजली एक्स्प्रेस मनमाडला खास थांबवून त्यांना त्यात बसवले आणि गोवा एक्स्प्रेस जळगावला रोखून धरली. चूक झाल्याचे रेल्वेने कबूल केले. गाडी उशिरा येते म्हणून बोटे मोडणाऱ्या देशात गाडी दीड तास लवकर येऊन प्रवासी चुकावेत, हा विनोद कोणाला सुचला नसता.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो अधिकारी खाजगीत बोलून दाखवतात. अर्धवट माहिती दिली तर लोक बिथरतात, म्हणून पक्के कळेपर्यंत गप्प राहणे बरे. घडलेले दाखले याच्या बरोबर उलट आहेत. २ मार्च २०१८ रोजी लंडनमध्ये लुइशॅमजवळ हिमवादळामुळे वीजवाहक रुळावर बर्फ जमले आणि संध्याकाळच्या गर्दीच्या गाड्या ओळीने अडकल्या. थंडी, अंधार, काही डब्यांत शौचालय नाही आणि पुढे काय होणार हे कोणी धड सांगत नाही. अखेर प्रवासी आपणच दारे उघडून रुळांवर उतरले. त्यांच्यासाठी वीज बंद करावी लागली आणि उरलेल्या गाड्याही जागीच खिळल्या. आपल्याकडे २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली. साखळी ओढली गेली, लोक उड्या मारून शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान १२ जण गेले. तीच कर्नाटक, जी दौंडवरून येते. तिथे धुक्याचा संबंध नव्हता. पण खात्रीचा आवाज वेळेवर आला नाही की अफवा त्याची जागा घेते, हे याहून भीषण रीतीने सिद्ध व्हायला नको होते.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच. २६-२७ जुलै २०१९च्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. चहूबाजूंनी पाणी होते. गाडीतच थांबा, खाली उतरू नका, मदत येते आहे, असे मध्य रेल्वे समाजमाध्यमांवरून वारंवार सांगत राहिली. सुमारे १,०५० प्रवासी सुखरूप बाहेर आले. सांगितल्याने लोक बिथरले नाहीत, थांबले.

राहता राहिला "परदेशात तरी काय वेगळे आहे" हा चौथा मुद्दा. खरेच आहे, बर्फापुढे जर्मनीचीही भंबेरी उडते. २ डिसेंबर २०२३ रोजी म्युनिकचे मुख्य स्थानक बंद पडले आणि लोकांनी उभ्या गाड्यांत रात्र काढली. पण युरोपीय महासंघाच्या जून २०२३पासून लागू झालेल्या नियमांत एक बारकावा आहे, तो आपल्या वादाला नेमका लागू पडतो. टोकाच्या हवामानामुळे उशीर झाला तर कंपनीला भरपाई देण्यातून सूट मिळते. प्रवाशाला माहिती देणे, खाण्यापिण्याची आणि गरज पडल्यास मुक्कामाची सोय पाहणे, यातून मात्र सुटका नाही. आभाळावर ढकलता येते ते आभाळावर, आपले काम आपल्यावर.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. जानेवारी २०२४मध्ये दिल्लीच्या धुक्यामुळे गोव्याहून निघालेले एक विमान मुंबईला वळवले गेले. वैतागलेले प्रवासी विमानाशेजारीच खाली बसून जेवले आणि ती चित्रफीत देशभर फिरली. लगेच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांसाठी कार्यपद्धती जारी केली : उशिराची अचूक माहिती संकेतस्थळावर, संदेशाने आणि विमानतळावर द्या, तीन तासांहून अधिक उशीर होणार असेल तर उड्डाण वेळीच रद्द करण्याचा विचार करा. दंडही झाले. धुके तेच, मोसम तोच. विमानाचा प्रवासी जमिनीवर बसून जेवला तर दोन दिवसांत नियम होतो. रेल्वेचा प्रवासी पिढ्यान्‌पिढ्या फलाटावर चादर अंथरून जेवतो, त्याला आपण प्रवास म्हणतो.

याहून बोचरी गोष्ट पुण्यातच आहे. उत्तर भारतातल्या धुक्याचा देशातला एक मोठा अभ्यास पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५-१६च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर चालवला. शिवाजीनगरचे सिमला ऑफिस तर हवामान खात्याचे जुने घर. धुक्याचा इशारा खाते आधी देते. म्हणजे धुक्याचे शास्त्र पुणे जिल्ह्यात, येणाऱ्या रेकचा ठावठिकाणा पुण्याच्या नियंत्रण कक्षात आणि अंधारात बसलेला प्रवासीही पुणे जिल्ह्यातच. या तिघांमध्ये फक्त निरोप देणारा नाही.

तो नेमायला बुलेट ट्रेनचा पैसा लागत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडच्या प्रत्येक गाडीसाठी येणाऱ्या रेकची स्थिती सकाळी आणि दुपारी, अशी दोनदा जाहीर व्हावी आणि सुटण्याची सुधारित वेळ किमान सहा तास आधी बांधून द्यावी. ती दौंडच्या दोन्ही स्थानकांवर, शिरूरच्या एसटी स्थानकात आणि रांजणगावच्या वसाहतीत मराठी-हिंदीत फळ्यावर लिहिली जावी. फळा आणि खडू चालेल. प्रत्येक उद्‌घोषणेच्या शेवटी "पुढची माहिती अमुक वाजता" हे वाक्य असावे, म्हणजे माणूस तेवढा वेळ डोळा मिटू शकेल. वेळ पुढे चुकली तर चुकली. अंदाज चुकल्याबद्दल प्रवासी रागावतो, पण अंदाजच न दिल्याबद्दल तो रात्रभर जागतो. "असे केले तर अंगाशी येईल" ही भीती असेल, तर न सांगणेही अंगाशी येऊ लागले आहे. अजमेर-जम्मू एक्स्प्रेस २०१६ साली चार तास उशिरा पोचल्याने एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी स्पष्ट केले की उशिराचे कारण आपल्या हाताबाहेरचे होते हे रेल्वेने पुराव्याने दाखवावे, नाहीतर भरपाई द्यावी. "धुकं होतं" असे म्हणून मोकळे होण्याचे दिवस कायद्याने तरी संपवले आहेत.

तोवर या हिवाळ्यात उत्तरेला निघणाऱ्यांनी एवढे करावे. तिकिटावर दलालाचा नव्हे, स्वतःचा मोबाईल क्रमांक घालून घ्यावा. गाडी कॉर्ड लाइनला थांबते की जंक्शनला, हे तिकिटावर वाचून घ्यावे. चढण्याच्या स्थानकावर गाडीला तीन तासांहून अधिक उशीर असेल आणि जायचे नसेल, तर पूर्ण पैसे परत मिळतात. मात्र गाडी सुटण्याआधी तिकीट परत करावे किंवा ऑनलाइन तिकिटासाठी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा. आणि रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना "गाडी उशिरा आहे" असे म्हणू नये. "येणारा रेक आत्ता कुठे आहे आणि ही वेळ आम्हाला सकाळीच का कळवली नाही," असे विचारावे आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा.