गाळलेले आंकडे

डोंबिवलीच्या एका विद्यार्थ्यानें परदेशांतील विद्यापीठाकडे पीएच्. डी.च्या प्रवेशासाठीं पाठवावयाचें निवेदन गेल्या महिन्यांत आम्हांस वाचावयास दिलें. मुलें यास ‘एस्. ओ. पी.’ म्हणतात. तीं दोन पानें वाचून आम्हांस प्रथम राग आला व मागाहून लाज वाटली.

आरंभीं, लहानपणापासून आपणांस विज्ञानाची ओढ होती, हें ठरलेलें वाक्य. (ठाणें ते कल्याण लोकलमध्यें लोंबकळणाऱ्या निम्म्या मुलांना ही ओढ असावी, असें अशा निवेदनांवरून वाटतें.) मग अकरा वेबिनार, घरबसल्या ऐकलेल्या तीन ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदा, प्रश्नमंजूषेंतील दुसरें बक्षीस आणि पैसे भरून छापून घेतलेला एक लेख. अखेरीस एक ओळ: ‘उल्हास नदीच्या पाण्यावर लघुप्रकल्प केला.’

त्या एका ओळीचा इतिहास आम्हांस ठाऊक आहे. कल्याणजवळ वालधुनी जेथें उल्हासच्या खाडीस मिळते, तेथें हा मुलगा सहा रविवार सकाळीं आठ वाजतां बाटल्या भरीत होता. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु मोजावयाचा, तर मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड काठावरच नमुन्यांत घालावीं लागतात. बाटली तशीच रिक्षांतून आणली तर वाटेंतच आंकडा बदलतो. तें तो काटेकोरपणें करी. तरी आंकडा एका रविवारीं चढे, पुढच्या रविवारीं उतरे. आम्ही म्हणालों, “तुझा हात चुकतो आहे. हे आंकडे गाळ.” त्यानें ते गाळले नाहींत, भरतीओहोटीचें कोष्टक आणलें. भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते, म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तास. या रविवारीं आठला भरती, तर पुढच्या रविवारीं आठला ओहोटी! जागा एकच, पण बाटलींत एकदां खाडीचें पाणी येई, एकदां वालधुनीचें. खाडीकाठच्या कोणत्याही कोळ्यास जें सहज सांगतां आलें असतें, तें त्याच्या प्राध्यापकास सुचलें नव्हतें.

ही हकीकत त्यानें निवेदनांत कां घातली नाहीं? “सर, आधीं गोंधळ झाला होता, हें कसें सांगावें?” अर्ज लिहून देणारे सल्लागारही हेंच शिकवितात: यश मांडा, अडचण झांका. आमचें मत याच्या नेमकें उलट आहे. वेबिनार, बक्षिसें व गुण यांना अर्जांत निराळा कागद असतो. तेथें तीं खुशाल असोत. निवेदन वाचणाऱ्यास इतकेंच पाहावयाचें असतें, कीं आंकडे जुळेनासे झाले म्हणजे हा मनुष्य काय करतो. कारण पुढचीं चार-पांच वर्षें ते बहुधा जुळणारच नाहींत. इरावती कर्वे बर्लिनमध्यें ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं प्रबंध लिहीत होत्या. कवटीच्या विषमतेंत वंशभेद दिसावा, अशी गुरूंची अपेक्षा. बाईंनीं कवट्या मोजल्या, आणि असा संबंध आढळत नाहीं, असें त्याच गुरूंपुढें मांडून पदवी घेतली. जुळत नाहींत म्हणून त्यांनीं मापें गाळलीं असतीं, तर प्रबंधांत उरलें काय असतें?

आतां लाजेविषयीं. ही माळ ओवण्यास मुलांस आम्हीच शिकविलें. महाविद्यालयाच्या मूल्यमापनाच्या फायलींत प्रमाणपत्र बसतें. भरतीचें कोष्टक बसत नाहीं. येथील पीएच्. डी.च्या प्रवेशांतही, शिष्यवृत्तीविना नेट उत्तीर्ण झालेल्यांसाठीं २०२४ पासून जो नियम आहे त्यांत, ७० टक्के वजन परीक्षेच्या गुणांस आणि ३० टक्के मुलाखतीस. आपण काय केलें व कां केलें, याविषयीं दोन पानें लिहिण्याचा प्रसंग आमच्या मुलांवर बहुधा प्रथमच येतो तो परक्या विद्यापीठाच्या दारांत. मग तीं सल्लागारास पैसे देतात, यांत नवल तें काय?

निवेदन पुन्हां लिहिलें जात आहे. मुलानें भीत भीत विचारलें, “सर, तुम्ही आंकडे गाळावयास सांगितलें होतें, तेंही लिहूं का?” आम्ही म्हणालों, तें नको, शिफारसपत्र आमच्याकडेंच मागितलें आहे, त्यांत आम्हीच लिहितों. अकरांपैकीं सहा वेबिनार मात्र तो अजून सोडावयास तयार नाहीं.