परकीय चलन : संरक्षण कुणाला, सट्टा कुणाचा?

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे पडले की डाळज लागते. एका अंगाला उजनीचा जलफुगवटा, दुसऱ्या अंगाला ऊस आणि फळबागा. या परिसराचा डॉलर आणि युरो यांच्याशी आज दुहेरी संबंध आला आहे. इंदापूर तालुक्यातील द्राक्षे व डाळिंबे परदेशी जातात, हा एक. घरबसल्या परकीय चलनाचा व्यापार करून दहा हजारांचे लाख करण्याच्या जाहिराती शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्या मोबाइलवर येऊन थडकतात, हा दुसरा. पहिला संबंध कष्टाचा, दुसरा मोहाचा. दुर्दैव असे की, ज्याला या बाजाराची खरी गरज आहे त्याला तो कुणी समजावून सांगत नाही आणि ज्याला ती मुळीच नाही त्याच्यामागे मात्र विक्रेते हात धुऊन लागले आहेत.

चलनाचा व्यवहार नेहमी जोडीने होतो. डॉलर विकत घेणे म्हणजेच रुपया विकणे. जून १९६६ मध्ये सरकारने डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर नेला. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे पुन्हा दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. मार्च १९९३ पासून मात्र हा दर मुख्यतः बाजारातील मागणी-पुरवठ्यावर ठरू लागला. उजनीकाठच्या माणसाला रिझर्व्ह बँकेची त्यातील भूमिका चटकन उमगावी. पावसाळ्यात धरण भरून घ्यावे आणि टंचाईत पाणी सोडावे, त्याप्रमाणे डॉलरचा ओघ वाढला की बँक ते खरेदी करून गंगाजळीत साठविते, तुटवडा पडला की बाजारात सोडते. दर एकाच जागी खिळवून ठेवणे हा तिचा हेतू नसतो. अतिरेकी चढउतार रोखणे हा असतो.

आता या बाजाराची खरी गरज कुणाला, ते पाहू. समजा, स्वतः निर्यात करणाऱ्या एखाद्या बागायतदाराने २० हजार युरोंचा माल पाठविला आणि पैसे दोन महिन्यांनी मिळावयाचे आहेत. तेवढ्या काळात युरो दोन रुपयांनी उतरला, तर मालात कोणताही दोष नसताना त्याचे ४० हजार रुपये बुडाले. बँकेशी आजच दर ठरवून वायदा करार केला, तर हा धोका टळतो. युरो वधारल्यास होणारा जादा लाभ त्याला सोडावा लागतो, हे खरे. पण पीकविम्याचा हप्ता भरणाराही पीक बुडावे अशी इच्छा धरून तो भरीत नाही. आहे ती जोखीम कमी करणे, हे या व्यवहाराचे मूळ प्रयोजन आहे.

जाहिरातींतला व्यवहार याच्या नेमका उलट. तेथे नसलेली जोखीम विकत घ्यावयाची असते. दहा हजारांच्या अनामतीवर शंभरपट, म्हणजे दहा लाखांचा व्यवहार करू देतात. दर एक टक्का अनुकूल गेला तर पैसे दुप्पट, हे ठळक अक्षरांत सांगितले जाते. एक टक्का प्रतिकूल गेला तर अनामत साफ बुडते, हे सांगितले जात नाही. शिवाय खरेदी आणि विक्री यांच्या दरांतील फरक प्रत्येक खेपेला ग्राहकाच्याच खिशातून जातो. अनेकदा दलाल स्वतःच समोरचा पक्ष असतो; म्हणजे ग्राहकाचे नुकसान हाच त्याचा नफा.

कायदाही या बाबतीत संदिग्ध नाही. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार असे व्यवहार अधिकृत व्यक्तींशीच आणि अधिकृत मंचांवरच करता येतात. भारतातील शेअरबाजारांत चलनाचे वायदे २००८ पासून सुरू झाले. परंतु रुपयाशी निगडित वायद्यांसाठी प्रत्यक्ष परकीय चलनाची जोखीम असणे आवश्यक आहे, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आणि ती चौकट ३ मे २०२४ पासून अमलात आली. परदेशी दलालाकडे अनामत पाठविण्यास तर परवानगीच नाही. सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँक अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध करीत आहे. यादीत नाव नाही म्हणून मंच अधिकृत ठरतो, असे मात्र नव्हे.

यावर कुणी म्हणेल की, सामान्य माणसाने जोखीम घेऊच नये काय? युक्तिवाद रास्त आहे, पण अनुभव काय सांगतो? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत समभागांच्या वायदे-विकल्प व्यवहारांत तीन वर्षांत शंभरांपैकी ९३ वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाल्याचे दिसले. तो तर नियंत्रित बाजार होता. युरोपीय नियामकांनाही २०१८ मध्ये अनामतीवरील अशा सट्ट्यात ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात आढळली. जेथे नियंत्रणच नाही, तेथे वेगळे काय घडणार?

तेव्हा केवळ सावधगिरीच्या सूचना देऊन भागणार नाही. भिगवण, इंदापूर, बारामती येथील बँकशाखांनी निर्यातदार बागायतदारांना वायदा कराराची माहिती मराठीतून द्यावी. उत्पादक कंपन्यांनी ती मागून घ्यावी. महाविद्यालयांत विनिमय दर शिकविताना आकृत्यांबरोबर एखाद्या द्राक्षाच्या खेपेचा हिशेबही मांडावा. ज्या विद्यार्थ्याला तो हिशेब समजला, त्याला जाहिरातीतला हिशेब कोठे चुकतो, हे वेगळे सांगावे लागणार नाही. आणि महिन्याच्या पगारातून किंवा शेतमालाच्या पट्टीतून मागे टाकलेली रक्कम कुणा अनोळखी खात्यावर पाठविण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या व्यवहाराने माझी कोणती जोखीम कमी होते? उत्तर 'कोणतीही नाही' असे आले, तर तो व्यापार नव्हे. तो जुगार आहे.