पोटातल्या बिऱ्हाडकरूंची उपासमार

जिवाणू म्हटले की आपल्याला टायफॉइड, क्षय असे रोगच आठवतात. परंतु प्रत्येकाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात. त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यातले बिऱ्हाडकरू असून ते भाडेही चुकते करतात.

धान्याचा कोंडा व कडधान्याची साले आपल्याला पचत नाहीत. हे जिवाणू ती आंबवून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. इतर आम्ले यकृताकडे जातात आणि साखर, चरबी व भूक यांच्या नियमनात भाग घेतात. २००६ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे लठ्ठ उंदरांचे जिवाणू जिवाणूरहित उंदरांना दिले, तेव्हा त्यांच्या अंगावर अधिक चरबी चढली. माणूस म्हणजे उंदीर नव्हे. पण दिशा कळते.

या बिऱ्हाडकरूंचा शिधा आपल्याच वरकस जमिनीत पिकत आला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यानुसार शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, पॉलिशच्या तांदळात ३ ग्रॅमही नाहीत. तरी महाड-पोलादपूरच्या घरांतून नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले मागे पडून चहाबरोबर मैद्याची बिस्किटे आली. डोंगरातल्या वाड्यांतूनही आता माझ्याकडे मधुमेहाचे रुग्ण येतात. सगळा दोष ताटाचा नाही. पण मुंबईहून आलेल्या मुलाला नाचणी वाढताना आईला लाज वाटावी, याचे मला वाईट वाटते.

दुसरा घात आपण गोळ्यांनी करतो. साध्या सर्दीला दुकानातून अँटिबायोटिक आणून घेतले जाते. सर्दी विषाणूंची, तिच्यावर त्याचा उपयोग नाही. मरतात ते पोटातले बिऱ्हाडकरू. २०१४ पासून अनेक अँटिबायोटिकांच्या विक्रीची, डॉक्टरांच्या नावासह, दुकानदाराने नोंद ठेवायची आहे. त्याने चिठ्ठी मागितली तर रागावू नये. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र सांगितले तितके दिवस घ्यावे.

माझे सांगणे एवढेच : दिवसातून एक वेळ नाचणी, जोडीला सालासकट कडधान्य आणि ताक असावे. सवय मोडली असेल तर थोड्यापासून सुरुवात करावी, नाहीतर पोट फुगते. मधुमेहींनी आपली गोळी परस्पर बंद करू नये. गरिबाचे म्हणून हिणवलेले हे अन्न शहरातल्या दुकानांतून महाग विकले जाते. आपल्या कणगीत आहे तोवर ते आपण खावे.