पूर्वज्ञानाची गरज नाही

गेल्या वर्षी जूनमध्ये बहिणीची मुलगी एका विद्यापीठाचे माहितीपत्रक घेऊन माझ्या घरी आली. कोरियन भाषेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्ग, पात्रता बारावी उत्तीर्ण. खाली ठळक अक्षरांत एक ओळ होती : 'भाषेच्या पूर्वज्ञानाची गरज नाही.' तिच्या अब्बूंचे दोन प्रश्न होते. भाषा शिकायचीच तर अरबी का नाही, निदान कुराण तरी समजेल. आणि संध्याकाळी साडेसातला वर्ग सुटल्यावर ती एकटी घरी कशी येणार?

दुसऱ्या प्रश्नावर मी तोडगा काढला. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, वय ४४, बारावी कधीचीच उत्तीर्ण आहे. मीही प्रवेश घेतला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मात्र मला वर्ष लागले.

आधी तक्रार सांगते, म्हणजे पुढचे कौतुक कोणाला जाहिरात वाटायला नको.

वर्गात आम्ही चाळीसएक जण होतो. पहिल्या दिवशी शिक्षिकांनी प्रत्येकाला स्वतःची ओळख करून द्यायला सांगितले, मराठी-हिंदी-इंग्रजी कशातही. निम्म्या वर्गाने ती कोरियनमध्ये करून दिली. या मुली तीन-चार वर्षे कोरियन मालिका पाहत होत्या, बीटीएसची गाणी त्यांना पाठ होती, काहींनी खासगी शिकवणी लावली होती आणि दोघींनी 'तोपिक' या परीक्षेचा पहिला स्तरही पार केला होता. (या परीक्षेत २००पैकी ८० गुणांना पहिला स्तर मिळतो, १४०ला दुसरा. या दोन स्तरांना फक्त ऐकणे आणि वाचणे असते, लेखन नसते.) त्यांना मी दोष देत नाही. पण वर्ग त्यांच्या वेगाने धावू लागला. लिपीसाठी ठेवलेला दोन आठवड्यांचा वेळ चार तासांत उरकला, कारण 'ते सगळ्यांना येतेच'. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात बावीस जण उरले. जे गेले त्यांत एक शिवणकाम करून शिकणारी मुलगी होती, एक रांजणगावच्या कारखान्यातला कामगार होता आणि उर्दू माध्यमातून आलेल्या तीन मुली होत्या. म्हणजे ती ठळक ओळ ज्यांच्यासाठी छापली होती, नेमके तेच गेले.

आपल्या समाजातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला हा अनुभव नवा नाही. इंग्रजीच्या वर्गात कॉन्व्हेंटचा मुलगा पुढे असतो. मराठीच्या वर्गात माझ्या मोहल्ल्यातल्या मुलीला 'तुमचे मराठी चांगले आहे हो' असे कौतुकाने ऐकवले जाते, जणू ती ही भाषा उसनी घेऊन आली आहे. कोरियनबद्दल मला आशा वाटली होती ती यासाठी, की ही भाषा आमच्यापैकी कोणाच्याच आजोबांची नाही. इथे कोणाचे आडनाव कामाला येणार नाही, सगळे एकाच रेषेवर उभे राहतील. तसे झाले नाही, कारण विद्यापीठाने रेषा आखली आणि तिच्यावर पहारा ठेवला नाही. उपाय फार महागडा नव्हता. प्रवेशाच्या वेळी दहा मिनिटांची चाचणी घ्यायची, ज्यांना थोडेफार येते त्यांना दुसऱ्या तुकडीत बसवायचे आणि खऱ्या नवशिक्यांची तुकडी वेगळी ठेवायची. माहितीपत्रकातल्या ओळीचा अर्थ एवढाच होता.

गंमत अशी की मालिकांतून शिकलेल्यांचीही एक फजिती झाली. कोरियनमध्ये समोरचा कोण आहे त्यावर क्रियापदाचा शेवट ठरतो. बरोबरीच्या मित्राशी एक रूप, परक्याशी 'यो' लावलेले दुसरे, आणि वडीलधाऱ्यांविषयी बोलताना क्रियापदाच्या मध्येच आदराचा 'शी' घालावा लागतो. मालिकेत प्रेमिक एकमेकांशी जसे बोलतात तसे एका मुलीने शिक्षिकांना विचारले, 'जेवलीस का?' शिक्षिका क्षणभर थबकल्या आणि हसल्या. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक ज्याच्या कानात लहानपणापासून आहे त्याला ही चूक लगेच समजते. हे इंग्रजीतून समजावणे मात्र अवघड, आणि आमचे पाठ्यपुस्तक इंग्रजीतूनच समजावत होते.

हाच माझा दुसरा मुद्दा आहे. मराठी किंवा दक्खिनी बोलणाऱ्याला कोरियनचे व्याकरण इंग्रजीपेक्षा किती तरी जवळचे आहे. वाक्याचा क्रम आपलाच : कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. 'मी भात खाते' हे शब्दाला शब्द ठेवून कोरियनमध्ये जाते. विभक्तीचे प्रत्यय आपल्यासारखे नामाच्या मागे लागतात. त्यांच्या 'पाप' या शब्दाचा अर्थ शिजवलेला भात असा आहे आणि जेवण असाही, आणि ख्यालीखुशाली विचारताना ते 'जेवलात का' असेच विचारतात. नात्यांचे तर विचारूच नका. आईची बहीण 'इमो', वडिलांची बहीण 'कोमो'. पुस्तकात दोन्हींसमोर इंग्रजी 'आंट' लिहिले होते आणि अर्धा वर्ग गोंधळला होता. भाचीने माझ्याकडे बोट दाखवून सांगितले, 'ही माझी इमो, म्हणजे खाला, म्हणजे मावशी.' खानावळीत वाढणाऱ्या अनोळखी बाईलाही तिथे 'इमो' म्हणतात हे कळल्यावर तर वर्गात हशा पिकला. आपणही अशा बाईंना मावशीच म्हणतो. 'ऑम्मा' आणि 'आप्पा' म्हणजे आई आणि बाबा, हे ऐकल्यावर माझी अम्मी म्हणाली, मग यात शिकायचे काय राहिले?

अशा साम्यांवरून लगेच नाते जोडू नये. कोरियन आणि द्राविडी भाषा एकाच कुळातल्या आहेत असे सांगणारे व्याकरण होमर हल्बर्ट या अमेरिकी मिशनऱ्याने १९०५ साली लिहिले होते. आजचे भाषाशास्त्रज्ञ ते मान्य करत नाहीत. साम्य शिकायला उपयोगी पडते, एवढे पुरे.

शिकायला अवघड काय ते सांगते. एक, त्यांचे आवळून उच्चारलेले व्यंजन. 'ताल' म्हणजे चंद्र, श्वास सोडून 'थाल' म्हटले की मुखवटा, आणि घसा आवळून 'त्ताल' म्हटले की मुलगी. पहिले दोन आपल्याला जमतात, कारण त आणि थ आपण लहानपणीच वेगळे करतो. तिसऱ्यासाठी मी तीन महिने आरशासमोर उभी होते. दुसरे म्हणजे आकडे. मोजणीच्या दोन माळा आहेत, एक देशी आणि एक चिनी मुळाची. घड्याळात तास देशी आकड्यांत सांगायचे आणि मिनिटे चिनी आकड्यांत. साडेतीन वाजले म्हणजे 'से शी साम्शिप पुन'. यातला 'से' एका माळेतला, 'साम्शिप' दुसऱ्या. आधी वैताग आला. मग आठवले की आपल्या तहसील कचेरीत पहिल्या क्रमांकाच्या कारकुनाला 'अव्वल कारकून' म्हणतात आणि कोणालाही त्यात दोन भाषा दिसत नाहीत.

कोरियन शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द चिनी मुळाचे आहेत. १९४८ साली दक्षिण कोरियाने सरकारी कागदपत्रे हांगुल लिपीतच लिहिण्याचा कायदा केला. चिनी अक्षरे हळूहळू मागे पडली, शब्द मात्र राहिले. शुद्धीकरणाच्या मोहिमा तिथेही झाल्या, पण भाषेचा संसार मोडला नाही. मराठीतले अर्ज, वकील, जामीन, तारीख हे शब्द 'परके' म्हणून मोजणाऱ्यांना आणि उर्दूला एकाच धर्माच्या खुंटीला टांगणाऱ्यांना, मग ते आपल्यातले का असेनात, हा इतिहास वाचायला द्यावा असे मला वाटते.

आणि हांगुलचा इतिहास! राजा सेजोंगने ही लिपी १४४३मध्ये तयार केली आणि १४४६मध्ये लोकांसाठी जाहीर केली. चिनी अक्षरांत साध्या माणसाला आपले म्हणणे लिहिता येत नाही, हे त्याने प्रस्तावनेतच मांडले. व्यंजनांचे आकार जीभ, ओठ, दात, घसा यांच्या ठेवणीवरून घेतले. आपली कवर्ग-चवर्गाची मांडणी ज्याला ठाऊक आहे त्याला यातली बुद्धिमत्ता पहिल्या दिवशी दिसते. पण १४४४मध्येच चो मान्‌री या दरबारी विद्वानाने विरोधाचे निवेदन दिले. स्वतःची वेगळी लिपी असणे हे रानटी लोकांचे लक्षण आहे, असा त्यातला एक आक्षेप होता. ज्ञानावर मक्तेदारी असलेला प्रत्येक वर्ग हेच म्हणतो. पुढे कित्येक शतके उच्चभ्रू पुरुष चिनी लिहीत राहिले आणि हांगुलला हिणवून 'बायकांची अक्षरे' म्हटले गेले. बायकांनीच ती जगवली. जपानी राजवटीत १९३८नंतर कोरियन शाळांतून हद्दपार होत गेली, १९४२मध्ये शब्दकोश करणाऱ्या अभ्यासकांना अटक झाली, आणि त्यांचे जप्त झालेले हस्तलिखित १९४५मध्ये सोल स्थानकाच्या गोदामात सापडले.

इथपर्यंत सांगून मी थांबले तर ते भक्तीचे भाषण होईल. याच सेजोंगच्या दरबारात मुसलमानांचा एक गट होता, कोरियन नोंदी त्यांना 'होएहोए' म्हणतात. समारंभात ते आपल्या पद्धतीने राजाचे अभीष्ट चिंतत. १४२७मध्ये फर्मान निघाले की त्यांनी आपला वेगळा पोशाख सोडावा, आणि दरबारातला त्यांचा विधीही बंद झाला. हळूहळू तो समाज इतरांत विरून गेला. पुढे त्याच राजाच्या काळात मुस्लिम खगोलशास्त्राच्या आधारे पंचांगाचा ग्रंथ सिद्ध झाला. म्हणजे गणित ठेवले, पागोटे काढायला लावले. आणि हे फक्त पंधराव्या शतकातले नाही. देगू शहरात क्योंगबुक विद्यापीठाजवळ तिथल्या मुस्लिम विद्यार्थ्यांनी मशीद बांधायला घेतली, तेव्हा रहिवाशांच्या विरोधामुळे २०२१मध्ये काम थांबवले गेले. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला, तरी बांधकामासमोर डुकरांची मुंडकी ठेवली गेली. त्याच देशात सोलच्या इतेवॉन भागात १९७६पासून मोठी मशीद उभी आहे, सरकारने दिलेल्या जमिनीवर. भाचीने हे दोन्ही वाचले. तिचा आवडता नट त्या दिवशी थोडा साधा माणूस झाला असावा. भाषा शिकण्याचा हा फायदा मला मोठा वाटतो : देश पोस्टरवरून खाली उतरतो.

रोजगाराचे सांगायला हवे, कारण घरोघरी तोच प्रश्न असतो. रांजणगावला एलजी, माणगावजवळ पोस्को, तळेगावला ह्युंदाई. कोरियन व्यवस्थापक आणि मराठी कामगार यांच्यामध्ये दुभाष्याची खुर्ची आहे. कोरियन सरकारच्या शिष्यवृत्तीत पदवीआधी एक वर्ष भाषा शिकवतात आणि तोपिकचा तिसरा स्तर मिळवावा लागतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांत कोरियनचे नाव आहे. उद्या शिक्षक लागतील. त्या खुर्च्यांवर फक्त घरात वायफाय असलेल्यांनीच बसायचे का, हे आजच्या पहिल्या वर्गात ठरते आहे.

अब्बूंच्या प्रश्नाकडे येते. अरबी जरूर शिकावी, पण तीही भाषा म्हणून, ख्रिस्ती अरबांचीही ती मातृभाषा आहे हे जाणून. पुण्य मिळवायची भाषा एक आणि वाया जाण्याची दुसरी, असे नसते. आहाराच्या पाठात भाचीला सांगायचे होते की ती डुकराचे मांस खात नाही. तिच्या शेजारच्या जैन मुलीला सांगायचे होते की ती मांसच खात नाही. कोरियनमध्ये यासाठी दोन नकार आहेत : 'मोत' म्हणजे खाऊ शकत नाही, 'आन' म्हणजे खात नाही. कोणता वापरायचा यावर दोघींचा वाद तास संपून बसथांब्यापर्यंत चालला. जैन मुलगी म्हणाली, मला कोणी अडवलेले नाही, मी 'आन' म्हणेन. भाची थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, मग मीही 'आन'. हे संभाषण मी तिच्या अब्बूंना जसेच्या तसे सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या सत्राचे शुल्क मात्र त्यांनी स्वतः जाऊन भरले.

वेगळ्या तुकडीसाठी आम्ही सोळा जणांनी विभागाकडे अर्ज दिला आहे, मराठीत. सोडून गेलेल्यांपैकी पाच जणांच्या सह्या त्यावर आहेत. उत्तर अजून आलेले नाही. तोवर दर रविवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात लिपीचा वर्ग भरतो, पहिल्या अक्षरापासून. रांजणगावचा तो कामगार दुसऱ्या पाळीला जाण्याआधी येतो. परवा त्याने फळ्यावर आपल्या मुलीचे नाव लिहिले, आणि मग तिच्या खाली 'त्ताल'.