सत्तर खणांची मराठी

पनवेलच्या जुन्या गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंकडे अजून बटणांचाच फोन आहे. परवा तो हातात धरून त्या लगबगीने आल्या. "बघ रे, बँकेचे साहेब नंबर विचारतायत, यातला कुठला सांगू?" संदेशात ओटीपी होता आणि तो कोणालाही देऊ नका, अशी ताकीदही होती, पण इंग्रजीत! काकू आधी आमच्याकडे आल्या, म्हणून वाचल्या.

एसएमएसचे दिवस भरले, असे आपण व्हॉट्सॲपवाले सहज म्हणून जातो. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने नाताळच्या शुभेच्छांचा पहिला संदेश धाडला. आपली तार २०१३च्या जुलैत बंद झाली, तोवर तिचे काम या संदेशाने केव्हाच उचलले होते. आज गप्पा त्याच्याकडून गेल्या, हे खरे. पण बँक, गॅस, रेल्वे, दवाखाना यांचे निरोप त्याच्याचकडे राहिले. कारण साधे आहे. त्याला इंटरनेट लागत नाही, महागडा फोन लागत नाही.

मग तो मराठीत का येत नाही? एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीला मात्र ७०च खण मिळतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी एक खण अडवते. 'अतिवृष्टी' हा चार अक्षरांचा शब्द नऊ खण खातो! मजकूर लांबला की एकाचे दोन संदेश होतात आणि घाऊक संदेश धाडणाऱ्याचा खर्च वाढतो. तो खर्च वाचवायचा, तर इंग्रजी सोयीची. बचत त्यांची, जोखीम काकूंची!

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ओटीपीखेरीज अन्य पर्यायांनाही वाट करून दिली. उद्या कदाचित ओटीपीही जाईल. तरी संदेशाची गरज संपणार नाही. गाढी नदीकाठच्या आम्हा पनवेलकरांना २६ जुलै २००५ विसरता येत नाही. शेजारच्या खालापूर तालुक्यात २०२३च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्याच वर्षी सरकारने मनोऱ्याच्या टापूतल्या सर्व फोनवर एकदम इशारा धाडण्याची चाचणीही घेतली. संदेशाचे खरे भवितव्य इथे आहे, असे आम्हांला वाटते.

पण इशारा कळला तरच तो इशारा. पैशाचा आणि जिवाचा निरोप ग्राहकाच्या भाषेत देणे सक्तीचे व्हावे; जादा खर्च धाडणाऱ्याने सोसावा. तोवर वाचकहो, एक करा. आज रविवार आहे. घरातल्या, शेजारच्या वडीलधाऱ्यांजवळ पाच मिनिटे बसा आणि त्यांच्या फोनमधले संदेश त्यांना मराठीत समजावून सांगा. प्रत्येक काकूंना वेळेवर शेजार सापडेलच असे नाही.