मध्ये वेळ किती ठेवला होतास?

परदेशातून आलेल्या माणसाचं पुढचं देशांतर्गत विमान चुकलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "मध्ये वेळ किती ठेवला होतास?" विमान उशिरा आलं, इमिग्रेशनला ही गर्दी, बॅग पट्ट्यावर सगळ्यात शेवटी आली... तरी चूक कोणाची? प्रवाशाची! मला हे अजिबात मान्य नाही.

मंडळी, मुंबईत काय काय करावं लागतं ते एकदा मोजा. सहारला टी-२ वर उतरायचं. इमिग्रेशन. मग बॅगेची वाट बघायची, कारण जायचं नागपूरला असलं तरी कस्टम्स सहसा पहिल्याच विमानतळावर. मग तीच बॅग पुन्हा चेक-इन, पुन्हा सुरक्षा तपासणी. पुढचं विमान सांताक्रूझच्या टी-१ वरून असेल तर त्याआधी धावपट्टीला वळसा घालून टॅक्सीने तिकडे जा. आणि काउंटर विमान सुटायच्या तासभर आधीच बंद! ऑक्टोबर २०२४ पासून दोन्ही टर्मिनलांना मेट्रोची स्टेशनं आहेत हे खरं, पण परदेशातली बरीच विमानं उतरतात मध्यरात्री, तेव्हा मेट्रो बंद. त्यात डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला. म्हणजे आता तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून भागायचं नाही.

माझी आत्या, वय ७१, लेकीकडून एकटी परत येत होती. दोन कंपन्यांची दोन तिकिटं, मध्ये चांगले साडेतीन तास. पहिलं विमान पावणेदोन तास उशिरा. धापा टाकत पोचली तेव्हा काउंटर बंद होऊन दहा मिनिटं झाली होती. दुसरी कंपनी म्हणाली, "तुम्ही वेळेवर आला नाहीत, तिकीट गेलं." पहिली म्हणाली, "आम्ही तुम्हाला मुंबईत पोचवलं, आमचं काम झालं." नियमाप्रमाणे दोघंही बरोबर! नवीन तिकीट काढलं, तर त्यावर सामान १५ किलो, आणि तिच्या दोन बॅगा ४६ किलोंच्या. त्याचे पैसे वेगळे. सगळी रात्र ती खुर्चीत बसून होती. बाथरूमलाही गेली नाही, कारण बॅगांजवळ कोण बसणार?

आणि सकाळी फोनवर पहिला प्रश्न तोच. वेळ किती ठेवला होतास?

कोणी म्हणेल, पहिल्या विमानतळावर कस्टम्स नको तर काय, सोनं घेऊन लोक पसार होतील. शंका रास्त आहे. पण युरोपात बघा. फ्रँकफुर्टला उतरून हॅम्बुर्गला जायचं असेल तर पासपोर्ट फ्रँकफुर्टला बघतात, पण एकाच तिकिटावर असाल तर विमानाच्या पोटातली बॅग सरळ हॅम्बुर्गला जाते आणि तिचं कस्टम्स तिथे होतं. युरोपातल्या युरोपात निघालेल्या बॅगेच्या पट्टीला हिरवी कड असते. कड नसेल तर बॅग बाहेरून आली. इतकं साधं! पुण्याला, नागपूरला परदेशी विमानं उतरत आली आहेत, कस्टम्सचे अधिकारी तिथेही आहेत. जाताना एकाच तिकिटावर आपली बॅग नागपूरहून थेट परदेशात पोचते. मग येतानाच तिला मुंबईत उतरवून म्हाताऱ्या माणसाच्या हातात का द्यायची?

अमेरिकेतही पहिल्या विमानतळावर बॅग उचलावी लागते, हे मला माहीत आहे. म्हणून काय झालं? त्यांचं वाईट तेवढं आपण घ्यायचं का?

दुसरं म्हणजे, दोन तिकिटं स्वस्त का पडतात? कारण उशिराचा धोका कंपनीने आपल्या गळ्यात घातलेला असतो. एक तिकीट असेल तर चुकलेल्या विमानाऐवजी पुढच्या विमानात बसवणं हे कंपनीचं काम. दोन तिकिटं असतील तर तुम्ही आणि तुमचं नशीब. निदान तिकीट विकताना हे ठळक अक्षरांत सांगा. टर्मिनल बदलतंय हेही सांगा. तेवढीही सक्ती होऊ नये?

असो. तोपर्यंत आई-वडिलांचं तिकीट काढताना चार पैसे जास्त गेले तरी एकच काढा. आणि कुणाचं विमान चुकलं तर कृपा करून तो प्रश्न विचारू नका. "जेवलात का, बसायला जागा आहे का?" एवढं विचारा. बाकीचे प्रश्न विमान कंपनीला विचारायचे आहेत.